आकडे जिंकले, तरी रसिक नाराज का?

पोर्शने २८ मे २०२४ रोजी नवी ९११ कॅरेरा जीटीएस जगापुढे आणली. साठ वर्षांच्या इतिहासात रस्त्यावरच्या ९११ ला पहिल्यांदाच विजेची जोड मिळाली होती. मागे आडव्या सहा सिलिंडरांचे नवे ३.६ लिटरचे इंजिन, त्याच्या टर्बोत बसवलेली एक विजेची मोटर, गिअरबॉक्सच्या पोटात दुसरी, आणि पुढच्या बॉनेटखाली १.९ किलोवॉट-तासांची, नेहमीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीएवढ्या आकाराची बॅटरी. एकूण ताकद ५४१ हॉर्सपॉवर, टॉर्क ६१० न्यूटन-मीटर, शून्य ते शंभर तीन सेकंदांत. न्यूर्बुर्गरिंगच्या जुन्या, अवघड ट्रॅकवर तिने ७ मिनिटे १६.९३४ सेकंदांत फेरी पुरी केली. आधीच्या जीटीएसपेक्षा ८.७ सेकंद कमी. कुठल्याही मापाने हे यश मोठे आहे. तरीही ९११ च्या चाहत्यांमधून पहिला सूर उमटला तो नाराजीचा. ‘हायब्रिड’ एवढा एक शब्द ऐकून अनेकांनी गाडीत बसण्याआधीच निकाल देऊन टाकला.

या नाराजीकडे बघण्याच्या दोन तऱ्हा रूढ आहेत. एक पक्ष म्हणतो, ही जुन्या आठवणींत रमणारी माणसे; यांना प्रत्येक नवी गोष्ट खुपते आणि दहा वर्षांनी हीच माणसे ती डोक्यावर घेतात. दुसरा पक्ष म्हणतो, कंपन्यांनी नियमांपुढे मान तुकवली, खरी स्पोर्ट्स कार संपली. मला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. इंजिनांवर मनापासून प्रेम करणारा माणूस म्हणून माझे मत असे आहे, की रसिकाला एक गोष्ट फार चांगली कळते आणि ती कंपनीच्या माहितीपत्रकात कधीच छापलेली नसते. पाय दाबल्यावर इंजिन किती लवकर, किती प्रमाणात आणि कशा आवाजात उत्तर देते, ही ती गोष्ट. तिच्याबद्दल रसिक बोलतो तेव्हा त्याचे म्हणणे बहुतेक वेळा खरे ठरले आहे. तो तंत्राच्या नावाबद्दल बोलू लागतो, म्हणजे ‘पाण्याचे इंजिन’, ‘टर्बो’, ‘हायब्रिड’ अशा पाट्या वाचून बोलू लागतो, तेव्हा मात्र तो वारंवार चुकला आहे. पोर्शचा गेल्या पाव शतकाचा इतिहास या दोन्ही गोष्टींचा पुरावा आहे, म्हणून तोच उलगडून बघू.

१९६३ च्या फ्रँकफर्ट मोटार प्रदर्शनात ९११ पहिल्यांदा दिसली, तेव्हा तिचे इंजिन दोन लिटरचे आणि १३० हॉर्सपॉवरचे होते आणि ते थंड करण्याचे काम एका मोठ्या पंख्याकडे होते. रेडिएटर नाही, पाणी नाही. हीच रचना सुधारत सुधारत मार्च १९९८ पर्यंत चालली. तिच्या जागी आलेली ९११ ची नवी पिढी, ९९६, पाण्याने थंड होणारी होती: ३.४ लिटर, ३०० हॉर्सपॉवर. कारण साधे होते. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे तर सिलिंडर हेडमधली उष्णता नुसत्या हवेने निघत नव्हती. आणि चार व्हॉल्व्ह दिल्याशिवाय ताकद, धुराचे नियम आणि आवाजाचे नियम ही तिन्ही एकदम साधत नव्हती. कंपनीने १९८६ च्या ९५९ या गाडीमध्येच सिलिंडर हेडला पाणी दिले होते, त्यामुळे हा बदल आकाशातून पडलेला नव्हता. पण चाहत्यांच्या लेखी पाणी आले आणि ९११ बाटली.

आणि तरीही १९९९ मध्ये त्याच ९९६ ची जीटी३ आली, तेव्हा तिच्या इंजिनावर चाहत्यांनी जीव टाकला. तेही पाण्यानेच थंड होत होते. फक्त त्याचा वंश वेगळा होता: १९९८ ची ल माँ शर्यत जिंकणाऱ्या ९११ जीटी१ च्या इंजिनाशी त्याचे थेट नाते होते, आणि त्याची मुळे पोर्शचे थोर इंजिनकार हान्स मेत्सगर यांच्या कामात होती. ‘मेत्सगर इंजिन’ हे शब्द आजही आदराने उच्चारले जातात. म्हणजे मुद्दा पाण्याचा नव्हताच. साध्या ९९६ मध्ये एक खरा दोष होता, मधल्या शाफ्टचे बेअरिंग निकामी होऊन संपूर्ण इंजिन बाद होण्याचा. त्या दोषाचा पाण्याशी काडीचाही संबंध नव्हता. पाटीवर राग काढणाऱ्याला खरा दोष दिसत नाही, हे इथे पहिल्यांदा सिद्ध झाले.

टर्बोचेही तसेच. ‘खरी ९११ म्हणजे टर्बोशिवायची’ असे म्हणणाऱ्यांनी अर्धाच इतिहास वाचलेला असतो. १९७३ च्या ९१७/३० या शर्यतीच्या गाडीतून टर्बोच्या जोरावर अकराशेहून अधिक हॉर्सपॉवर निघत होती, आणि १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात पहिली ९११ टर्बो उभी होती. टर्बो या घराण्यात पन्नास वर्षे नांदतो आहे. मग २०१५ मध्ये साध्या कॅरेरालाही टर्बो बसल्यावर एवढा गहजब का झाला? इथे मला रसिकांची बाजू घ्यावी लागेल, आणि त्यासाठी टर्बो काय करतो ते नीट समजून घ्यावे लागेल.

इंजिनाने बाहेर टाकलेला गरम धूर एका चक्राला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त गेली की इंधन जास्त जाळता येते, म्हणून लहान इंजिनातून मोठी ताकद निघते. अडचण वेळेची आहे. पाय दाबल्यावर आधी धूर वाढायला हवा, मग चक्राने वेग घ्यायला हवा, मग दाब चढायला हवा. विहिरीवरची मोटर चालू केल्यावर शेताच्या दुसऱ्या टोकाच्या पाइपातून पाणी पडायला जसा वेळ लागतो, तसा हा प्रकार. बिनटर्बो इंजिनात हवा दारातच उभी असते. थ्रॉटलची झडप उघडली की ती आत शिरते. टर्बोच्या या उशिरालाच ‘टर्बो लॅग’ म्हणतात.

हे समजायला जर्मनीला जायला नको. चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांतून निघणाऱ्या लहान टर्बो पेट्रोल गाड्या आता आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसतात. ताम्हिणी घाटातल्या एखाद्या आवळ वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना इंजिन पंधराशे फेऱ्यांच्या आसपास आलेले असते. तिथे ॲक्सिलरेटर दाबला, की अशी गाडी क्षणभर गप्प राहते आणि मग एकदम ओढ घेते. सपाट हायवेवर हीच गाडी झकास वाटते. वळणात मात्र चालकाने मागितले एका क्षणी आणि मिळाले दुसऱ्या क्षणी, तर त्याचा अंदाज चुकतो. गाडी एकाच प्रकारची, आकडे तेच, पण घाटातला अनुभव वेगळा. घाटात गाडी चालवणाऱ्या माणसाला टर्बो लॅग शिकवावा लागत नाही.

९११ मध्ये तर हा प्रश्न आणखी बिकट असतो, कारण तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आहे. वळणाच्या मध्यात पाय अचानक सोडला की वजन पुढे सरकते आणि जड मागची बाजू बाहेर फेकली जाऊ पाहते. पाय दाबला की मागची चाके जमीन धरतात. म्हणजे या गाडीत ॲक्सिलरेटर हे नुसते वेग वाढवण्याचे साधन नाही, तो स्टीअरिंगचा जोडीदार आहे. उत्तर उशिरा आले तर दिशा चुकते. १९७४ ची पहिली ९११ टर्बो धोकादायक म्हणून कुप्रसिद्ध झाली ती याचमुळे: वळणात पाय दाबावा, काही होऊ नये, आणखी दाबावा, आणि मग २६० हॉर्सपॉवर एका दमात मागच्या चाकांवर यावी. ‘प्रतिसाद’ हा शब्द भावनिक वाटतो खरा, पण चालकाच्या हातात गाडी किती आहे याचेच ते माप आहे. रसिक जेव्हा प्रतिसादाची तक्रार करतो तेव्हा तो चैनीबद्दल बोलत नसतो.

२०१५ च्या कॅरेरा एसचे आकडे असे: आधी ३.८ लिटर बिनटर्बो, ४०० हॉर्सपॉवर, ४४० न्यूटन-मीटर टॉर्क ५६०० फेऱ्यांना. नंतर ३.० लिटर दोन टर्बो, ४२० हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन-मीटर आणि तेही १७०० फेऱ्यांपासूनच. कागदावर सगळीकडे फायदाच. पोर्शच्या अभियंत्यांनी लॅग इतका कमी केला होता की पुष्कळांना तो जाणवलाही नाही, हे मान्य केले पाहिजे. बदलले ते इंजिनाचे वागणे. जुने इंजिन चढत्या फेऱ्यांबरोबर रंगत जायचे. सहा हजारांच्या पुढे त्याची खरी गंमत सुरू व्हायची, आणि तिथवर पोहोचणे हे चालकाचे काम होते. नव्यात तळापासूनच सगळे हजर. शहरात ते सोयीचे, पण गाडी चालवण्यासाठीच चालवणाऱ्याला त्यात चढण उरली नाही. ही तक्रार मी अर्धी खरी मानतो: इंजिन उत्कृष्ट होते, पण काहीतरी गेले होते, आणि ते गेले हे सांगणारा माणूस खोटे बोलत नव्हता.

हा बदल कशासाठी केला गेला, हेही बघायला हवे. युरोपीय संघाने प्रत्येक कंपनीच्या एकूण गाड्यांना सरासरी कार्बन डायऑक्साइडची मर्यादा घातली होती. २०१५ साठी किलोमीटरला १३० ग्रॅम आणि पुढे ९५. मोजणी व्हायची ती प्रयोगशाळेतल्या जुन्या चाचणीवर. त्या चाचणीत गाडी इतकी हळुवार चालवली जायची की टर्बोला फारसे कामच पडत नसे. लहान इंजिन त्या चाचणीत कमी इंधन पिणारे दिसायचे आणि रस्त्यावर पाय दाबला की फरक आटायचा. २०१७ पासून अधिक खरीखुरी चाचणी लागू झाली आणि इंजिने लहान करत सुटण्याची घाई मंदावली. वातावरणासाठी नियम हवेतच, ते कडकही हवेत. पण चुकीची चाचणी अभियंत्याला चुकीच्या दिशेने ढकलते, आणि त्याची किंमत इंजिनाला मोजावी लागते.

ती किंमत सर्वांत जास्त मोजली पोर्शच्याच धाकट्या गाड्यांनी, बॉक्स्टर आणि केमनने. २०१६ मध्ये त्यांना ७१८ हे नवे नाव मिळाले आणि सहाऐवजी चार सिलिंडरांचे टर्बो इंजिन मिळाले. नाव निवडताना कंपनीने इतिहासाचाच आधार घेतला. १९५७ पासून शर्यतींत धावलेल्या मूळ ७१८ लाही आडव्या चार सिलिंडरांचेच इंजिन होते. त्यातच पोर्शची ९१९ हायब्रिड तेव्हा ल माँ जिंकत होती, २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षे, आणि तिच्यात दोन लिटरचे चार सिलिंडरी टर्बो इंजिन होते. वंशावळ निर्दोष. आकडेही. बॉक्स्टर एस ३१५ वरून ३५० हॉर्सपॉवरवर गेली, टॉर्क ३६० वरून ४२० वर, आणि न्यूर्बुर्गरिंगवर तिने आधीच्या गाडीपेक्षा सोळा सेकंद वाचवले.

आणि चाहत्यांनी ते इंजिन नाकारले. सहा सिलिंडरांचा आडवा इंजिनप्रकार जवळजवळ पूर्ण समतोल असतो; त्याची धडधड शरीराला लागत नाही, फेऱ्या वाढल्या की आवाज रेशमी होत जातो. चारांचा आवाज खडबडीत होता, आणि लोकांना तो एखाद्या सुबारूची आठवण करून देत होता. सुबारू चांगल्या गाड्या बनवते. पण बॉक्स्टर घेणाऱ्याला बॉक्स्टर हवी होती. छप्पर उघडे टाकून, पाठीशी इंजिन घेऊन, दोघांनी भटकायची ही गाडी. तिच्यात इंजिनाचा आवाज हा गाडीच्या अर्ध्या अर्थाएवढा असतो. त्या गाडीचा निम्मा अर्थ काढून घेऊन सोळा सेकंद देणे हा सौदा मला कधीच पटला नाही.

पुढे जे झाले ते रसिकांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. जानेवारी २०२० मध्ये ७१८ जीटीएस ४.० जाहीर झाली. चार सिलिंडरांच्या टर्बोची जागा पुन्हा सहा सिलिंडरांच्या, चार लिटरच्या बिनटर्बो इंजिनाने घेतली. हॉर्सपॉवर ३६५ वरून ४०० झाली, पण टॉर्क ४३० वरून ४२० वर उतरला आणि शून्य ते शंभरच्या वेळेत फरक नावापुरताच पडला. जवळपास तेवढाच वेग, आणि तरी सगळीकडे आनंद. आकड्यांनी या आनंदाचा खुलासा होत नाही. तो होतो प्रतिसादाने, आवाजाने आणि आठ हजारांकडे चढत जाणाऱ्या फेऱ्यांनी.

हे इंजिन जुनाट होते का? मुळीच नाही. त्यात थेट इंधन फवारणारे पिझो इंजेक्टर होते, आणि इतक्या वरच्या फेऱ्यांच्या इंजिनासाठी ते अवघड काम होते. धुरातले सूक्ष्म कण अडवणारे फिल्टर होते. हलक्या भारावर एका बाजूचे तीन सिलिंडर आपोआप बंद ठेवून इंधन वाचवण्याची सोय होती. म्हणजे रसिकांनी ज्याला ‘आपले’ म्हणून कवटाळले ते त्या काळातले अत्यंत आधुनिक इंजिन होते. ‘यांना तंत्रज्ञान नको असते’ हा आरोप इथे संपायला हवा.

आवाजाबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण इथे रसिकांची सर्वांत जास्त थट्टा होते. २०१४ मध्ये फॉर्म्युला वनने २.४ लिटरची, १८,००० फेऱ्यांची आठ सिलिंडरी इंजिने सोडून १.६ लिटरची टर्बो हायब्रिड सहा सिलिंडरी इंजिने आणली. प्रेक्षकांना आवाज इतका दबलेला वाटला, की त्याच वर्षी मर्सिडीजने एका चाचणीत गाडीच्या एक्झॉस्टला कर्णा लावून बघितला. तांत्रिकदृष्ट्या ही इंजिने अद्भुत होती: इंधनातल्या उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक भागाचे काम करून घेणारे इंजिन मर्सिडीजने २०१७ मध्ये चाचणी-कक्षात चालवून दाखवले. तेव्हाचे रस्त्यावरचे पेट्रोल इंजिन याच्या जवळही जात नव्हते. तरी मैदानात बसलेला माणूस कार्यक्षमता ऐकू शकत नाही. आवाज ही इंजिनातून चालकाला मिळणारी माहिती आहे: फेऱ्या किती, भार किती, गिअर कधी बदलायचा, हे डोळे रस्त्यावर ठेवून कानाने कळते. म्हणूनच २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये स्पीकरमधून इंजिनाचा आवाज वाजवला गेला, तेव्हा चाहते दुखावले. आवाज कमी झाला तर चालेल. खोटी माहिती नको, हे म्हणणे रास्त आहे.

आता पुन्हा त्या २०२४ च्या जीटीएसकडे येऊ. तिच्या टर्बोतली मोटर ही फॉर्म्युला वनच्या त्याच इंजिनांत तपासलेली कल्पना आहे. टर्बोच्या दोन चक्रांमधल्या दांड्यावर विजेची मोटर बसवली, की धुराची वाट बघावी लागत नाही. पाय दाबताच मोटर चक्राला वेग देते आणि दाब चढतो. उलट धूर जास्त झाला, तर तीच मोटर जनित्र बनून ११ किलोवॉटपर्यंत वीज परत देते. त्यामुळे पूर्वीच्या दोन टर्बोंऐवजी एकच पुरतो. म्हणजे ज्या लॅगबद्दल चाहते पन्नास वर्षे तक्रार करत होते, नेमक्या त्याच्यावर घातलेला हा घाव आहे. ज्यांनी ‘हायब्रिड’ शब्द ऐकून पाठ फिरवली, त्यांनी आपल्याच मागणीकडे पाठ फिरवली.

आणखी एक गोष्ट फार कमी बोलली जाते. पूर्ण ताकदीवर टर्बो इंजिन तापते, म्हणून नेहमी त्यात गरजेपेक्षा जास्त इंधन ओतून धूर थंड ठेवला जातो. ते जास्तीचे इंधन अर्धवट जळून विषारी वायू आणि काजळी वाढवते. नवे इंजिन कुठल्याही भारावर, अगदी पूर्ण पाय दाबलेला असतानाही, हवा आणि इंधनाचे योग्य प्रमाण सोडत नाही, साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल. असे करायचे तर दर लिटरमागची ताकद घटते. म्हणून अभियंत्यांनी इंजिन ३.० वरून ३.६ लिटर केले. धुराचे नियम इंजिने लहानच करतात, ही समजूत इथे उलटली: स्वच्छतेच्या आग्रहाने ९११ चे इंजिन मोठे झाले. चांगला नियम आणि चांगला अभियंता एकत्र आले तर रसिकाचा तोटा व्हायलाच हवा असे नाही.

हेच तंत्र घेऊन दुसरी कंपनी अपयशी कशी ठरू शकते, हे मर्सिडीज-एएमजीच्या सी६३ ने दाखवले. २०२२ मध्ये आलेल्या या गाडीतही टर्बोत विजेची मोटर होती. दोन लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनातून ४७६ हॉर्सपॉवर, मागच्या चाकांवर २०४ हॉर्सपॉवरची मोटर, मिळून ६८० हॉर्सपॉवर आणि १०२० न्यूटन-मीटर. अचाट अभियांत्रिकी. पण या नावाची पुण्याई आठ सिलिंडरांच्या खर्जातल्या गर्जनेवर उभी होती, ती गेली. आणि वजन दोन टनांच्या पलीकडे गेले. चाहत्यांनी ही गाडी स्वीकारली नाही. पोर्शने वीज इंजिनाच्या दिमतीला ठेवली आणि जीटीएसचे वजन सुमारे ५० किलोच वाढू दिले. एएमजीने विजेच्या हिशेबात इंजिनच बदलून टाकले. टर्बोतली मोटर दोघांकडे आहे, निकाल वेगळा. म्हणून म्हणतो, रसिक तंत्राला नकार देत नाही. तंत्र कशाच्या सेवेत वापरले याचा तो न्याय करतो.

नव्या जीटीएसवर एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. ती हाताच्या गिअरबॉक्ससह मिळत नाही. आधीची मिळत होती. दुसरी मोटर स्वयंचलित गिअरबॉक्सच्या आत बसवल्यामुळे क्लच-पेडलला जागा उरली नाही. हे खरे नुकसान आहे, आणि याबद्दल बोलत राहण्याचा उपयोग होतो याला दाखला आहे. २०१३ ची जीटी३ फक्त स्वयंचलित गिअरबॉक्ससह आली, तेव्हा चाहत्यांनी नाराजी लपवली नाही. २०१६ मध्ये हाताच्या गिअरची ९११ आर अवघ्या ९९१ गाड्यांपुरती निघाली आणि तिच्या किमती आभाळाला भिडल्या. पुढच्याच वर्षी जीटी३ ला हाताचा गिअरबॉक्स परत मिळाला. नेमकी तक्रार कंपनीला ऐकू जाते. ‘हायब्रिड नको’ अशी गुळमुळीत ओरड हवेत विरते.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर बुलेटचे. जुन्या बिडाच्या इंजिनाची बुलेट जाऊन २००९ पासून नवे एकसंध इंजिन आले, आणि २०२० नंतरच्या इंजिनात थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट आला. ‘तो ठोका राहिला नाही’ ही हळहळ महाराष्ट्रातल्या गावोगावच्या गॅरेजांत ऐकू येते. ठोका खरेच बदलला आहे, आणि ज्याला तो प्रिय होता त्याचे दुःख खोटे नाही. पण तेल गळणे आणि लांबच्या प्रवासात हातांना मुंग्या येणे हेही त्याच ठोक्याबरोबर गेले. काय गेले आणि काय मिळाले या दोन्हींची नावे घेऊन बोलणारा जाणकार मला अधिक विश्वासाचा वाटतो.

हा वाद श्रीमंतांच्या गाड्यांपुरता राहणार नाही, कारण वेगाचा आकडाच आता स्वस्त झाला आहे. पोर्शचीच विजेवर चालणारी टायकान टर्बो जीटी २.२ सेकंदांत शंभर गाठते; कोणत्याही पेट्रोल ९११ ला हे जमत नाही. नुसते वेगवान व्हायचे असेल तर इंजिनाची गरजच नाही. यापुढे पेट्रोलचे इंजिन टिकेल ते त्याच्या वागण्यामुळे आणि आवाजामुळे, म्हणजे नेमक्या त्या गुणांमुळे ज्यांच्याबद्दल रसिक इतकी वर्षे बोलत आला. कंपन्यांनी तरीही शून्य ते शंभरच छापत राहणे हा त्यांचा आळस आहे. पाय पूर्ण दाबल्यापासून ठरलेला टॉर्क मिळेपर्यंत किती वेळ लागतो, हे माप प्रत्येक कंपनीचे अभियंते चाचणी-कक्षात घेत असतात. ते माहितीपत्रकात छापायला काहीच हरकत नाही. पुण्यात आपल्याकडे एआरएआयसारखी १९६६ पासूनची वाहन-चाचणी संस्था आहे; असे माप सर्व गाड्यांसाठी एकाच पद्धतीने घ्यायचे ठरले, तर ते काम तिच्या आवाक्याबाहेरचे नाही.

तोवर तुम्ही एवढे करा. पुढच्या वेळी गाडी घ्यायला जाल, मग ती दहा लाखांची का असेना, तेव्हा सेल्समनला हॉर्सपॉवर विचारू नका. टेस्ट ड्राइव्हला चढाचा रस्ता मागा, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी पंधराशे फेऱ्यांवर आणा, रस्ता मोकळा बघून पाय दाबा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते स्वतः बघा. मत त्यानंतर बनवा.